पॅसिव्ह व्हॉइस: वाक्य उलटं करत बसू नका, आधी "कोणी?" विचारा

नोकरीला लागून महिनाही झाला नव्हता, एका कस्टमरला मेल टाकला, "युअर मटेरियल हॅज डिस्पॅच्ड टुडे." सीसीमध्ये आमच्या सीनियर मॅडम होत्या. त्या उठून माझ्या टेबलापाशी आल्या आणि म्हणाल्या, "मटेरियलनं काय पाठवलं गं? तेही कळव त्यांना." मला पाच मिनिटं विनोदच कळला नाही. कळला तेव्हा कान लाल झाले, कारण दहावीला व्हॉइसच्या प्रश्नात माझा एकही मार्क गेला नव्हता.

घोळ कुठे आहे बघा. परीक्षेत अ‍ॅक्टिव्ह वाक्य (म्हणजे करणारा पुढे) आयतं छापून येतं, आपण फक्त पुढचं मागे आणि मागचं पुढे करून त्याचा पॅसिव्ह (म्हणजे ज्याच्यावर काम झालं ते पुढे) करतो. मेल लिहिताना आयतं वाक्य कोण देणार? तिथे डोक्यात मराठी असतं, "माल पाठवलाय", आणि त्यातून थेट इंग्लिश काढायचं असतं. म्हणून हा लेख उलट्या बाजूने लिहितेय, म्हणजे मराठी वाक्यावरून पॅसिव्ह कधी लागतो ते आधी, फॉर्म्युला नंतर. (बरोबर वाक्य होतं "युअर मटेरियल हॅज बीन डिस्पॅच्ड", एक "बीन" गेलं आणि इज्जत गेली.)

आधी एक गैरसमज काढून टाका

शाळेत मराठीच्या तासाला कर्तरी, कर्मणी, भावे शिकलो, इंग्लिशच्या तासाला अ‍ॅक्टिव्ह, पॅसिव्ह, आणि कुणीतरी सांगून टाकलं की कर्मणी म्हणजेच पॅसिव्ह. इथेच गाडी रुळावरून उतरते. "रामाने पेरू खाल्ला, रामाने चिंच खाल्ली, रामाने जांभूळ खाल्लं", इथे क्रियापद कर्माप्रमाणे बदलतंय म्हणून व्याकरणात याला कर्मणी प्रयोग म्हणतात. पण इंग्लिशमध्ये हे सरळ "राम एट अ ग्वाव्हा" आहे, म्हणजे अ‍ॅक्टिव्ह. राम करणारा, तोच वाक्यात पुढे.

इंग्लिश पॅसिव्हच्या जवळ जाणारी आपली रूपं वेगळी आहेत. "रावण मारला गेला", "रामाकडून रावण मारला गेला", "रस्ता बंद करण्यात आला". "-ला गेला", "-कडून" आणि "-ण्यात आला" ही तीन रूपं दिसली की पॅसिव्हचा वास यायला पाहिजे. पण नुसती एवढीच धरून बसलात तर अर्ध्या जागा सुटतील, कारण आपण बोलताना "गेला" वगैरे फार कमी वापरतो.

पायरी पहिली: वाक्याला "कोणी?" विचारा

कोपऱ्यावर रस्ता खणून ठेवलाय. घरी येऊन आपण काय म्हणतो? "अगं, परत रस्ता खणलाय." कोणी खणला? वाक्यात नाही. महापालिकेने असेल, गॅसवाल्यांनी असेल, केबलवाल्यांनी असेल, आपल्याला काही पडलेली नाही. मराठीला कर्ता गाळला तरी चालतो, वाक्य ऐटीत उभं राहतं. इंग्लिशला ते जमत नाही, तिथे क्रियापदाच्या आधी कुणीतरी बसवावंच लागतं. मग बसवणार कोणाला? जो हजर आहे त्याला, म्हणजे रस्त्यालाच. "द रोड हॅज बीन डग अप अगेन." झाला पॅसिव्ह.

तेव्हा नियम असा धरा: मराठी वाक्यात कुणीतरी केलेली गोष्ट आहे, पण "कोणी?" चं उत्तर वाक्यात नाही, तर इंग्लिशमध्ये बहुतेक वेळा पॅसिव्ह. "माझी बदली केली", "आय वॉज ट्रान्सफर्ड". "पाणी दोन दिवस बंद ठेवलं होतं", "द वॉटर सप्लाय वॉज कट ऑफ फॉर टू डेज". "एक मे 1960 ला महाराष्ट्र राज्य स्थापन झालं", "महाराष्ट्र वॉज फॉर्म्ड ऑन फर्स्ट मे 1960".

दुसरी परिस्थिती अशी की करणारा माहीत आहे, पण आपण त्याच्याबद्दल बोलतच नाही आहोत. शिवाजी महाराजांचा 1674 साली रायगडावर राज्याभिषेक झाला. विधी गागाभट्टांनी केले हे आपल्याला शाळेपासून पाठ आहे. पण निबंध महाराजांवर असेल तर "गागाभट्ट क्राउन्ड..." अशी सुरुवात केली की अचानक कॅमेरा भटजींवर जातो. "शिवाजी महाराज वॉज क्राउन्ड अ‍ॅट रायगड इन 1674" लिहिलं की कॅमेरा महाराजांवरच राहतो. माझ्या मते पॅसिव्हचं खरं काम हे आहे, कॅमेरा कोणावर ठेवायचा ते ठरवणं.

पायरी दुसरी: फुटला की फोडला?

ही पायरी मला कुठल्या गाईडमध्ये सापडली नाही, आणि माझ्या सगळ्यात जास्त चुका हिनेच थांबवल्या, म्हणून जरा इथे थांबते.

पॅसिव्ह फक्त अशा क्रियापदाचा होतो ज्याला कर्म असतं, म्हणजे कुणीतरी कशावर तरी काहीतरी करतो. हे सगळ्यांना पाठ असतं, तरी लोक लिहितात "द अ‍ॅक्सिडेंट वॉज हॅपन्ड", "हिज ग्रँडफादर वॉज डाइड", "द प्रॉब्लेम वॉज ऑकर्ड". का? कारण "झाला होता", "वारले होते" मधल्या "होता"चं हात "वॉज" लिहून मोकळा होतो. होता म्हणजे वॉज हे समीकरण लहानपणीच डोक्यात घट्ट बसलेलं असतं, त्याचा हा परिणाम.

यावर औषध मराठीतच आहे. आपल्याकडे क्रियापदांच्या जोड्या आहेत. फुटणं-फोडणं, तुटणं-तोडणं, पडणं-पाडणं, जळणं-जाळणं, मरणं-मारणं, सुटणं-सोडणं. पहिलं आपोआप घडतं, दुसरं कुणीतरी करतं. पॅसिव्ह फक्त दुसऱ्याचा होतो.

"तो मेला", "ही डाइड". "तो मारला गेला", "ही वॉज किल्ड". आता "मेला गेला" असं मराठीत म्हणून बघा. हसू आलं ना? मग "वॉज डाइड" पण तितकंच हास्यास्पद आहे. "झाड पडलं", "द ट्री फेल". "झाड पाडलं", "द ट्री वॉज कट डाउन". "घडला गेला अपघात"? नाही ना, मग "वॉज हॅपन्ड" नाही. शंका आली की क्रियापदाला "गेला" जोडून मोठ्याने म्हणा, कान लगेच सांगतो.

इंग्लिशची गंमत अशी की तिथे पुष्कळदा जोडी नसते, एकच शब्द दोन्ही कामं करतो. ब्रेक म्हणजे फुटणं पण आणि फोडणं पण. म्हणून "द ग्लास ब्रोक" म्हणजे ग्लास फुटला, आणि "द ग्लास वॉज ब्रोकन" म्हणजे ग्लास फोडला गेला, किंवा मग नुसतंच ग्लास फुटलेला होता. दोन्ही बरोबर, अर्थ वेगळे. "द डोअर ओपन्ड" मध्ये दार उघडलं, वाऱ्याने असेल. "द डोअर वॉज ओपन्ड" मध्ये हात आहे कुणाचातरी.

आणि "माझ्याकडून कप फुटला" हे वाक्य बघा. "कडून" दिसलं म्हणून "द कप वॉज ब्रोकन बाय मी" करू नका. मराठीत त्या "कडून" मध्ये "मी मुद्दाम नाही केलं हो" अशी आर्जवं भरलेली आहेत, इंग्लिशच्या "बाय मी" मध्ये तसलं काही नाही, ते पोलिसांना दिलेल्या जबाबासारखं वाटतं. तिथे "आय ब्रोक द कप बाय अ‍ॅक्सिडेंट" म्हणायचं.

पायरी तिसरी: आता फॉर्म्युला

फॉर्म्युला एकच आहे, "बी"चं रूप (इज, आर, वॉज, बीन वगैरे) अधिक क्रियापदाचं तिसरं रूप (राइट, रोट, रिटन मधलं रिटन). काळ बदलला की फक्त "बी" बदलतो, तिसरं रूप दगडासारखं जागेवर. टेबल पाठ करण्यापेक्षा एक अर्ज घ्या आणि त्याला सरकारी ऑफिसात फिरवा:

अर्ज तपासला जातो: द फॉर्म इज चेक्ड
अर्ज तपासला जातोय: द फॉर्म इज बीइंग चेक्ड
अर्ज तपासला गेलाय: द फॉर्म हॅज बीन चेक्ड
अर्ज तपासला गेला: द फॉर्म वॉज चेक्ड
अर्ज तपासला जात होता: द फॉर्म वॉज बीइंग चेक्ड
अर्ज तपासला गेला होता: द फॉर्म हॅड बीन चेक्ड
अर्ज तपासला जाईल: द फॉर्म विल बी चेक्ड
अर्ज तपासून झालेला असेल: द फॉर्म विल हॅव बीन चेक्ड

बारा काळांपैकी आठच. उरलेले चार, म्हणजे फ्यूचर कंटिन्युअस आणि तिन्ही परफेक्ट कंटिन्युअस, यांचा पॅसिव्ह व्यवहारात कोणी करत नाही ("हॅज बीन बीइंग चेक्ड" म्हणताना जीभच अडखळते), परीक्षेतही साधारणपणे विचारत नाहीत.

सगळ्यात जास्त गोंधळ बीइंग आणि बीन मध्ये. "-तोय" ऐकू आलं की बीइंग, "-लाय" ऐकू आलं की बीन. बीइंगच्या मागे इज किंवा वॉज, बीनच्या मागे हॅज, हॅव किंवा हॅड. "हॅज बीइंग" असं जगात काही नाही, आणि "इज बीन" पण नाही.

कॅन, मस्ट, शुड, मे यांच्यापुढे नुसतं "बी", होऊन गेलेली गोष्ट असेल तर "हॅव बीन". "अर्ज काळ्या शाईनेच भरावा", "द फॉर्म मस्ट बी फिल्ड इन ब्लॅक इंक". "हे आधीच सांगायला हवं होतं", "धिस शुड हॅव बीन टोल्ड टू अस अर्लियर". सूचना, नियम, अटी यांची अर्धी भाषा याच साच्यात असते.

तिसरी रूपं मात्र पाठच करावी लागतात, त्याला पळवाट नाही. "वॉज रोट" नाही, "वॉज रिटन". "वॉज टुक" नाही, "वॉज टेकन". "वॉज ब्रोक" म्हणालात तर माणूस कंगाल होता असा अर्थ होतो, उगाच बदनामी. कट, पुट, हिट ही बदलतच नाहीत. आणि रीडचं तिसरं रूप लिहायचं तसंच, वाचायचं मात्र रेड.

प्रश्न करायचा तर मदतीचं पहिलं क्रियापद पुढे आणा, बस. "हॅज द बिल बीन पेड?" एवढंच. लोक "डिड द बिल पेड?" करतात, कारण प्रश्न म्हटलं की आधी डिडच आठवतं.

पायरी चौथी: "बाय" लावायचं का?

बहुतेक वेळा नाही. शाळेने सवय लावली की पॅसिव्ह म्हणजे शेवटी बाय पाहिजेच, म्हणून मुलं "द थीफ वॉज अरेस्टेड बाय द पोलिस" लिहितात. अरे, चोराला पोलिस नाही तर काय पोस्टमन अटक करणार? "द थीफ वॉज अरेस्टेड" पुरे. "बाय समवन", "बाय पीपल" हे तर सरळ खोडून टाका.

बाय तेव्हा लावा जेव्हा करणाऱ्याचं नाव हीच बातमी असते. "द गेटवे ऑफ इंडिया वॉज डिझाइन्ड बाय जॉर्ज विटेट." इथे नाव काढलं तर वाक्यात उरतं काय, गेटवे डिझाइन केलं गेलं होतं, ते तर दिसतंच आहे.

हत्याराला बाय नाही, विथ लागतं. "ही वॉज हिट विथ अ स्टिक", काठीने मारलं. काठी धरणारा माणूस असेल तर त्याला बाय. आणि काही क्रियापदांची आपापली सोयरीक ठरलेली आहे, नोन टू, फिल्ड विथ, इंटरेस्टेड इन. "शी इज मॅरीड टू अ डॉक्टर", इथे विथ लावू नका, मराठीत "डॉक्टरशी लग्न" असलं तरी.

पायरी पाचवी: "मला" चा सापळा

"मला सांगण्यात आलं की उद्या या." याचं इंग्लिश करताना चांगली चांगली माणसं अडकतात. एक गट लिहितो "टू मी वॉज टोल्ड", दुसरा लिहितो "आय टोल्ड". दुसऱ्याचा अर्थ नेमका उलटा होतो, मीच सांगितलं! बँकेशी भांडणाच्या मेलमध्ये असं लिहिलंत तर केस तिथेच संपली.

मराठीत "मला" शेवटपर्यंत "मला"च राहतं. इंग्लिशमध्ये ते उठून कर्त्याच्या खुर्चीत बसतं. "आय वॉज टोल्ड टू कम टुमॉरो." "मला आत सोडलं नाही", "आय वॉज नॉट अलाउड इन". "तिला पैसेच दिले नाहीत", "शी वॉजन्ट पेड". "आम्हाला जुनाच फॉर्म दिला", "वी वेअर गिव्हन द ओल्ड फॉर्म". तक्रारीच्या पत्रात हीच वाक्यं लागतात, म्हणून चार-पाच घोटून ठेवा. आणि त्याच पत्रात आपण स्वतः जे केलं ते मात्र अ‍ॅक्टिव्हमध्ये, "आय सबमिटेड द डॉक्युमेंट्स ऑन मंडे". आपलं काम आपल्या नावावर.

करून घेणं

हे सिलॅबसमध्ये फारसं दिसत नाही पण रोज लागतं. आपण "मी केस कापले" असं सहसा म्हणत नाही, "केस कापून घेतले" म्हणतो. या "-ऊन घेणं"ला इंग्लिशमध्ये हॅव किंवा गेट. "आय हॅड माय हेअर कट." "आय गॉट माय फोन रिपेअर्ड." शब्दांचा क्रम सांभाळा, वस्तू मध्ये, तिसरं रूप शेवटी. "आय हॅड रिपेअर्ड माय फोन" म्हटलंत तर स्क्रूड्रायव्हर तुमच्याच हातात होता.

गेटचा आणखी एक उपयोग म्हणजे बोलण्यातला पॅसिव्ह. "ही गॉट फायर्ड", त्याला काढलं. "आय गॉट फाइन्ड", मला दंड झाला. मित्रांत मस्त, ऑफिशियल पत्रात नको.

परीक्षावाल्यांसाठी, पटकन

आज्ञार्थी वाक्य आलं, "क्लोज द डोअर", तर "लेट द डोअर बी क्लोज्ड". मार्कांसाठी लिहा आणि विसरून जा, असं कोणी बोलत नाही. प्लीज असेल तर "यू आर रिक्वेस्टेड टू क्लोज द डोअर", हे मात्र नोटीस बोर्डावर रोज दिसतं. "हू" ने सुरू होणाऱ्या प्रश्नाला "बाय हूम". आणि वाक्य फिरवल्यावर मदतीचं क्रियापद नव्या कर्त्याप्रमाणे बदललं का ते बघा, "सीमा ईट्स मँगोज" चं "मँगोज आर ईटन", इज नाही. सगळ्यात जास्त मार्क इथेच जातात, काळ ओळखण्यात नाही.

पॅसिव्ह कधी टाळायचा, आणि कधी अजिबात टाळायचा नाही

ऑनलाइन सल्ला देणारे सरसकट सांगतात की पॅसिव्ह वाईट, वापरू नका. मला हे अर्धवट वाटतं. पळपुटा पॅसिव्ह वाईट आहे, हे मान्य. 1987 साली अमेरिकेचे अध्यक्ष रेगन इराणला शस्त्रं विकल्याच्या प्रकरणावर बोलताना म्हणाले, "सीरियस मिस्टेक्स वेअर मेड". चुका झाल्या. कोणी केल्या ते वाक्यात नाही, आणि ते वाक्य त्यासाठीच तसं केलेलं होतं. टीममध्ये "द फाइल वॉज नॉट सेंट" असा मेल आला की मी पहिल्यांदा हेच बघते, पाठवायची कोणी होती? स्वतःची चूक असेल तर "आय फरगॉट टू सेंड द फाइल" लिहा, समोरचा लवकर शांत होतो.

पण आता राज्यघटनेचं सतरावं कलम बघा. "अनटचेबिलिटी इज अ‍ॅबॉलिश्ड अँड इट्स प्रॅक्टिस इन एनी फॉर्म इज फॉरबिडन." दोन्ही क्रियापदं पॅसिव्ह. इथे "आम्ही नष्ट करतो" असं म्हटलं असतं तर ते कुणाच्यातरी मर्जीचं वाटलं असतं, पॅसिव्हमध्ये ते संपलेलं वाटतं, विषय बंद. इथे पॅसिव्ह पळत नाहीये, पाय रोवून उभा आहे.

विज्ञानाच्या जर्नलमध्ये "अ टेस्ट ट्यूब वॉज टेकन" लिहायचो तेही बरोबरच होतं, टेस्ट ट्यूब कोणी घेतली याच्याशी प्रयोगाला देणंघेणं नाही. आणि पेपरचे मथळे वाचताना सावध राहा, तिथे जागा वाचवायला "बी" उडवतात. "टू हेल्ड, थ्री इंजर्ड" म्हणजे दोघांना पकडलं, तिघे जखमी. मथळ्यात आर आणि वेअर गायब असतात, तुम्ही तुमच्या वाक्यात गायब करू नका.

सराव, आणि माझ्या नियमाची भोकं

रोज पाच वाक्यं घ्या, पुस्तकातली नकोत, घरात कानावर पडणारी. "लाइट घालवलीय." "सिलिंडर अजून दिला नाही." "तिचं नाव यादीत टाकलंच नाही." प्रत्येकाला "कोणी?" विचारा, मग "गेला" लावून कानाने तपासा, मग बी आणि तिसरं रूप. आधी तोंडाने, मग लिहून. तिसऱ्याचं उत्तर देते, "हर नेम वॉज नॉट इन्क्लुडेड इन द लिस्ट". बाकीची तुमची तुम्ही करा.

यात काही वाक्यं माझ्या "गेला"च्या चाचणीला फसवतात, ती आत्ताच सांगून ठेवते. "माझा जन्म साताऱ्याचा", इथे कोणी कुणाला काही केल्यासारखं वाटत नाही, तरी इंग्लिशमध्ये पॅसिव्हच, "आय वॉज बॉर्न इन सातारा". "आय बॉर्न" म्हटलं की इंटरव्ह्यू घेणाऱ्याच्या भुवया वर जातात. "किल्ली सापडली", मराठीत ती आपली आपण सापडते, इंग्लिशमध्ये "द की वॉज फाउंड" किंवा "आय फाउंड द की". "द की फाउंड" म्हणजे किल्लीलाच काहीतरी सापडलं. आणि "पाकीट हरवलं" याला "माय वॉलेट लॉस्ट" नाही, "आय लॉस्ट माय वॉलेट". पाकीट मॅच हरलेलं नाही.